मध्येंच सुटणारी डिस्क

आपल्या मागच्या पिढीच्या घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असे. घराचें खरेदीखत, मुलांचे शाळेचे दाखले, लग्नांतले फोटो, परगांवच्या नातलगांचीं पत्रें असा सगळा ऐवज फडक्यांत बांधून तिच्यांत ठेवलेला असे. ट्रंकेला गंज चढे, कागदांना कसर लागे. पण वाचतां वाचतां हातांतलें पत्र अदृश्य झालें, असें कधीं घडत नसे. आतां त्या ट्रंकेची जागा तळहातावर मावणाऱ्या एका चपट्या डबीनें घेतली आहे. तिला आपण एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतों. तिच्यांत वीस वर्षांचे फोटो असतात, मुलीचा प्रबंध असतो, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें असतात, आणि आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे आवाजहि असतात. ही डिस्क संगणकाला जोडून कांहीं काम चाललेलें असतें आणि एकाएकीं ती पडद्यावरून नाहींशी होते. मॅक संगणक तर वर ठपकाहि ठेवतो कीं, डिस्क रीतसर न काढतां तोडण्यांत आली. तोडली कोणीं? कोणी तिच्याजवळहि गेलेलें नसतें.

श्रोतेहो, अशा वेळीं घाबरलेला माणूस प्रथम केबल उपसतो, पुन्हां खुपसतो, पुन्हां उपसतो. मग ओळखीचा कोणी जाणकार "डिस्क गेली" असा निकाल देऊन मोकळा होतो. यापेक्षांहि घातक गोष्ट पुढें घडते. विंडोज प्रणालीला डिस्कवरची सूची वाचतां आली नाहीं, म्हणजे ती नम्रपणें विचारते कीं, डिस्क वापरण्यासाठीं फॉरमॅट करूं का? आणि आपण भाबडेपणानें "होय" म्हणतों. ग्रंथालयांत पुस्तक सांपडत नाहीं म्हणून सूचीचीं कार्डें जाळून टाकावीं, तशांतलाच हा प्रकार. आंतला ऐवज हवा असेल तर या प्रश्नाचें उत्तर नेहमींच "नाहीं" असें द्यावें.

वस्तुतः डिस्क सुटते तेव्हां दोष डिस्कचाच असतो असें मुळींच नाहीं. डिस्क आणि संगणक यांच्यामध्यें वीज आहे, तार आहे, तारेच्या दोन्ही टोकांचे प्लग आहेत, डबींतलें एक छोटें सर्किट आहे आणि संगणकाची काटकसरी आज्ञावलीहि आहे. यांपैकीं कोणीहि गुन्हेगार असूं शकतो. तो ओळखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिस्क कोणत्या क्षणीं सुटते तें पाहणें. "कां सुटते" हा प्रश्न मागाहून. आधीं "केव्हां सुटते" हें विचारावें.

मात्र चौकशीला बसण्यापूर्वीं एक काम उरकून घ्यावें. डिस्क या घटकेला दिसत असेल, तर तिच्यावरचा मोलाचा भाग प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावा. सगळी डिस्क एकदम ओढूं नये. जें पैसे टाकून पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं, चित्रपट आणि गाणीं नंतर. घराला आग लागली असतां कोणी गाद्या आधीं बाहेर काढीत नाहीं.

आतां विजेकडे वळूं, कारण माझ्या मतें संशय प्रथम तिचाच घ्यावा. खिशांत मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्यें अडीच इंची तबकड्या असतात आणि त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात. त्या तबकड्यांवरून वाचणारें टोक अवघ्या कांहीं नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतें. थांबलेली तबकडी फिरवून या वेगाला आणतांना मोटरीला क्षणभर पुष्कळ जोर लागतो. त्या क्षणीं ती ५ व्होल्टांवर सुमारें १ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. एकदां गति आली कीं भूक बरीच कमी होते. हा सगळा प्रवाह ज्या केबलमधून माहिती जाते त्याच केबलमधून यावयाचा असतो. आणि ती केबल ज्या यूएसबी पद्धतीची, ती १९९६ सालीं निघाली तेव्हां तिच्यापुढें कीबोर्ड आणि माउस यांच्यासारखीं अल्पाहारी यंत्रें होतीं. २००० सालच्या यूएसबी २.० मध्यें एका पोर्टानें ५०० मिलिअँपिअर द्यावे असें ठरलें. २००८ सालच्या यूएसबी ३.० मध्यें ९००. म्हणजे तबकडी उठतेवेळीं तिची मागणी नियमांतल्या शिध्यापेक्षां जास्तच असूं शकते! पुष्कळसे पोर्ट प्रत्यक्षांत नियमापेक्षां थोडें उदार असतात म्हणून काम भागतें. पण हा उसनवारीवर चाललेला संसार आहे, हें विसरूं नये.

कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या श्रोत्यांसाठीं एक लहानसा हिशेब करूं. स्वस्त केबलींत वीज वाहून नेणारी तार २८ गेजची, म्हणजे बरीच बारीक असते. अशा तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारें ०.२१ ओहम. केबल दोन मीटरांची असेल तर प्रवाहाला जाऊन परत यावयाचें असल्यामुळें वाट चार मीटरांची झाली, आणि विरोध सुमारें ०.८५ ओहम. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम लावला तर १ अँपिअर प्रवाहाला वाटेंतच ०.८५ व्होल्टांची गळती लागते. संगणकाकडून ५ व्होल्ट निघाले, डिस्कला पोंचले ४.१५! या डिस्कचे बनवणारे बहुधा ५ व्होल्टांच्या खालींवर पांच टक्क्यांचा चढउतार धरून चालतात, ४.१५ म्हणजे उपासमारच. मोटर अडखळते, डबींतलें सर्किट शुद्ध हरपून पुन्हां भानावर येतें, आणि तेवढ्या अवधींत संगणकानें डिस्क निघून गेली अशी नोंद केलेली असते. तीच केबल अर्ध्या मीटराची घ्या. गळती उरते ०.२१ व्होल्ट. डिस्कबरोबर कंपनी जी वीतभर केबल देते ती कंजूषपणानें देते असें पुष्कळांना वाटतें, आणि ते हौसेनें लांब केबल विकत आणतात. त्या आंखूडपणाला हें कारण आहे.

हबची गोष्ट याहून वाईट. स्वतःचा अडॅप्टर नसलेला चार तोंडांचा हब आपण यूएसबी २.० पोर्टाला लावला, तर त्याला मिळणाऱ्या ५०० मिलिअँपिअरांपैकीं १०० तो स्वतःसाठीं ठेवतो आणि उरलेल्या ४०० चे चार वांटे होतात. एका यंत्राच्या वाट्याला नियमानें १०० आले. त्यावर १ अँपिअर मागणारी डिस्क लावणें म्हणजे चौघांच्या पंगतीला एक भाकरी वाढणें होय. विजेचा दोष ओळखण्याची खूण अशी कीं, डिस्क जोडल्याबरोबर दोन-चार सेकंदांत सुटते, किंवा मोठी कॉपी सुरू होतांच सुटते, किंवा शेजारच्या पोर्टाला फोन चार्जिंगला लावला कीं सुटते. अशा डिस्कला थेट लॅपटॉपच्या पोर्टाला, आंखूड केबलीनें जोडावें. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला मागच्या बाजूचे पोर्ट वापरावेत; कारण पुढचे पोर्ट पेटीच्या आंत आणखी एका तारेनें मुख्य सर्किटाला जोडलेले असतात. हब लागतच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्यावा.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टांचीहि गरज असते, म्हणून तिच्याबरोबर वेगळा अडॅप्टर येतो. हे अडॅप्टर कालांतरानें थकतात. नवा आणतांना व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू अगदीं तीच, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, असें पाहून आणावा. घरांत पडलेला लॅपटॉपचा १९ व्होल्टांचा अडॅप्टर त्याच भोंकांत बसला म्हणून लावूं नये. बरी असलेली डिस्क जाळण्याचा तो हमखास मार्ग आहे.

वीज ठीक असेल तर दुसरा संशय प्लगांवर. पोर्टेबल डिस्कच्या पाठीमागें पुष्कळदां एक रुंद, चपटें, मध्यें खांच असलेलें सॉकेट दिसतें. त्याचे दोन भाग आहेत. मोठ्या भागांत जुन्या संथ पद्धतीचे संपर्कबिंदू आणि विजेची वाट असते; लहान भागांत नव्या, सेकंदाला ५ गिगाबिट वेगाच्या पद्धतीच्या तारा येतात. हें सॉकेट नाजूक असतें, आणि डिस्क केबलीला लोंबकळती ठेवली कीं तें सैल होतें. लॅपटॉप मांडीवर हलला, टेबलाला धक्का लागला, केबल नुसती बोटानें स्पर्शिली आणि डिस्क सुटली, तर गुन्हेगार येथेंच आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा समुद्रकांठच्या दमट हवेंत संपर्कबिंदूंवर काळसर थर धरण्याचाहि संभव असतो. सर्व जोडण्या काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलाचा बोळा हलक्या हातानें फिरवावा आणि पूर्ण वाळूं द्यावें.

या ठिकाणीं एक युक्ति सांगतों. त्या रुंद सॉकेटच्या मोठ्या भागांत जुन्या फोनांना लागणारी साधी मायक्रो-यूएसबी केबल बसते. ती लावली म्हणजे डिस्क नव्या वेगवान तारा सोडून जुन्या संथ मार्गानें बोलूं लागते. केबल मात्र माहिती नेणारी हवी. नुसती चार्जिंगची असून उपयोग नाहीं. वेगवान केबलीवर दर पांच मिनिटांनीं सुटणारी डिस्क या संथ केबलीवर तासभर स्थिर राहिली, तर दोष तबकडींत नसून वेगवान तारांत आहे, हें जवळजवळ सिद्ध झालें. शिवाय तेवढ्या वेळांत १०० गिगाबाइटांचा ऐवज सुरक्षित जागीं पोंचलेला असतो. अशा केबली बहुतेक घरांत कपाटाच्या खणांत गुंता होऊन पडलेल्या असतात. त्या फेंकूं नयेत.

नभोवाणीच्या श्रोत्यांना खरखर नवी नाहीं, म्हणून जातां जातां आणखी एक सांगतों. वेगवान यूएसबीच्या तारांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतहि पसरतो, हें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं एका निबंधांत मापून दाखवलें आहे. याच पट्ट्यांत बिनतारी माउस आणि पुष्कळसें वायफाय चालतें. त्यामुळें डिस्क लावल्याबरोबर माउस अडखळूं लागला, तर तो डिस्कच्या मरणाचा शकुन समजूं नये. माउसची इवलीशी कांडी दुसऱ्या बाजूच्या पोर्टाला लावावी.

डिस्क कामांत असतांना टिकते, पण जेवून परत यावें तों नाहींशी झालेली असते, असा अनुभव असेल तर तो आजार नव्हे, ती झोंप आहे. वीज वांचवण्यासाठीं संगणक रिकाम्या पोर्टांना झोंपवतो. कांहीं डिस्क आपण होऊनहि झोंपतात. जागें होतांना दोघांचा मेळ चुकला कीं डिस्क सुटल्यासारखी वाटते. विंडोजमध्यें पॉवर ऑप्शन्समध्यें यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नांवाची सोय असते, ती बंद करावी. डिव्हाइस मॅनेजरमध्यें यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटखालीं पोर्ट झोंपवण्याची जी परवानगी दिलेली असते, तीहि काढून घ्यावी. मॅकवर शक्य तेव्हां हार्ड डिस्क झोंपवण्याची जी निवड असते तिच्यावरची खूण काढावी. एवढ्यानें काम झालें तर डिस्कवर एक रुपयाहि खर्च करण्याचें कारण नाहीं.

डबींतलें छोटें सर्किट डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेंत उतरवून देणारें दुभाषी असतें. तें तापतें. अर्धा-पाऊण तास कॉपी चालल्यावर सुटणें आणि डबी निवल्यावर पुन्हां नीट चालणें, ही त्याची खूण. डबी उशीवर किंवा रजईवर न ठेवतां फरशीवर ठेवावी, थोडें थोडें उतरवावें. दुभाषीच बिघडलें असेल तर कुशल कारागीर डिस्क काढून दुसऱ्या डबींत बसवूं शकतो. मात्र कांहीं कंपन्यांच्या डबींत हें सर्किट माहितीला कुलूपबंद करून लिहितें, आणि कांहींत यूएसबीचें सॉकेट डिस्कच्याच पाटीवर जडवलेलें असतें. तेथें डबी फोडून हातीं कांहींच लागत नाहीं. तेव्हां फोडण्यापूर्वीं आपलें मॉडेल कोणत्या जातीचें आहे तें विचारून घ्यावें.

आणि कधीं कधीं डिस्क खरोखरच आजारी असते. दरवेळीं त्याच फाइलीपाशीं येऊन ती अडते, वाचतांना मिनिट-मिनिट थबकते, आंतून ठराविक अंतरानें टक्-टक् असा आवाज येतो. हा आवाज पुरेशा विजेवर, आंखूड केबलीवरहि येत असेल, तर तें तबकडीचें किंवा वाचणाऱ्या टोकाचें दुखणें होय. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीनें ती बहुधा वाचतां येते. तिच्यांत ५ व्या आणि १९७ व्या क्रमांकाच्या रकान्यांतले आंकडे वाढत असतील तर पृष्ठभाग झिजतो आहे. तिकडे शून्य असून १९९ व्या रकान्यांतला आंकडा वाढत असेल तर डबीच्या आंतली जोडणी सदोष आहे. पण वही स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होऊं नये. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २००७ सालीं आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत निकामी झालेल्या डिस्कपैकीं ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहींत चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि उमटलेलें नव्हतें.

फिरती तबकडी नसलेल्या, चिपांच्या नव्या एसएसडी डिस्कला ना टक्-टक् ना फेरे. पण सुटण्यापासून त्याहि मुक्त नाहींत. २०२३ सालीं सॅनडिस्क एक्स्ट्रीम नांवाच्या कांहीं मोठ्या क्षमतेच्या डिस्क अचानक सुटतात आणि कांहींजणांचा ऐवज त्यांत नष्ट होतो, अशा तक्रारी गाजल्या. सॅनडिस्कची त्या वेळची मालक वेस्टर्न डिजिटल कंपनी हिनें त्याच वर्षीं डिस्कच्या पोटांतली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, दुरुस्त करून दिली; तरी ऑगस्टमध्यें अमेरिकेंत ग्राहकांनीं दावे दाखल केले. केबल, पोर्ट, वीज सर्व निर्दोष असतां डिस्क सुटत असेल, तर उत्पादकाच्या पानावर आपल्या मॉडेलसाठीं नवें फर्मवेअर आहे का हें पाहावें. तेंहि मोलाचा ऐवज दुसरीकडे उतरवल्यावरच चढवावें.

मध्येंच सुटल्यानें नुकसान काय होतें, असें कोणी विचारील. नुसतें वाचन चाललें असेल तर बहुधा कांहीं नाहीं. लिहिणें चाललें असेल तर मजकूर अर्धा आणि त्याची सूचीहि अर्धी राहण्याचा धोका. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतींत सूचीच्या बदलांची रोजकीर्द ठेवलेली असते, म्हणून ती बरीच सांवरतां येते. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालावी म्हणून आपण जी एक्सफॅट पद्धत घेतों तिच्यांत अशी रोजकीर्द नसते. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कवर लिखाण साठवून न ठेवतां लगेच उतरवण्याची रीत मूळचीच ठेवलेली आहे. तिनें धोका कमी होतो, संपत नाहीं. सूची दुरुस्त करणारी चेकडिस्क ही आज्ञा आजारी डिस्कवर प्रत काढण्याच्या आधीं चालवूं नये. ती डिस्कवर लिहिते, आणि आजाऱ्याला प्रथम धांवायला लावूं नये.

चौकशी करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि संगणक तिन्ही एकदम बदलले आणि डिस्क चालूं लागली, तर आपण शिकलों काय? एक लहान वही घ्यावी. तारीख, वेळ, कोणती केबल, कोणता पोर्ट, काय चाललें होतें आणि किती मिनिटांनीं सुटली, एवढें लिहावें. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें डिस्क अचानक काढली गेल्याची नोंद १५७ क्रमांकाखालीं वेळेसह मिळूं शकते. तिच्याशीं आपली वही ताडून पाहावी. चार-पांच नोंदी झाल्या कीं ठसा दिसूं लागतो.

ठसा डिस्कच्या आजाराचा निघाला आणि प्रत नसेल, तर डिस्क पुन्हां पुन्हां सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. टक्-टक् करणारी डिस्क जितकी फिरेल तितकी तबकडी खरवडली जाण्याचा धोका वाढतो. फ्रीजमध्यें ठेवून पाहण्याचा जो उपाय सांगतात तो करूं नये. बाहेर काढल्यावर आंत दंव धरतें. आवाज नसेल आणि नुसतेंच अडखळणें असेल, तर माहितगाराकडून डीडीरेस्क्यू नांवाच्या फुकट आज्ञावलीनें प्रत काढवावी. ती वाचतां येणारा भाग आधीं उचलते आणि अवघड जागांकडे मागाहून वळते. आवाज असेल तर ज्यांच्याकडे धूळरहित खोली आहे अशा, माहिती परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावें, आणि खर्चाचा अंदाज आधीं लेखी मागावा. डिस्क मऊ आवरणांत गुंडाळून, केबल आणि अडॅप्टर यांसह द्यावी. आणि सर्व डिस्क नको असेल तर कोणत्या वर्षांचे फोटो, कोणतीं कागदपत्रें आणि कोणाचे आवाज हवे आहेत, याची यादी कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवावी.